नदीचें मूळ आणि धरणाची भिंत

ऋषीचें कूळ व नदीचें मूळ शोधूं नये, अशी आपल्याकडे एक जुनी म्हण आहे. थोरपणाचा उगम शोधीत गेलें म्हणजे पुष्कळदां अगदीं सामान्य वस्तु हातीं लागते व मनाचा विरस होतो, हा त्या म्हणीचा आशय. चिचगडच्या माणसास मात्र ही म्हण पाळतां येण्यासारखी नाहीं. कारण नदीचें मूळ त्याच्या घराच्या पाठीमागेंच आहे. बाघ नदी चिचगडच्या डोंगरांत उगम पावते. जिच्या पाण्यावर गोंदिया व बालाघाट या दोन जिल्ह्यांतील धानाच्या बांध्या हिरव्या होतात, तिचा पहिला थेंब आपल्या रानांतील पाचोळ्याखालून झिरपतो. उगमाशीं राहणाऱ्यांवर यामुळें एक जबाबदारी येते. नदीचें पुढें काय होतें, तिला कोण अडवितें, कोण मलिन करितें, आणि तिच्यासंबंधीं जे बेत आंखले जातात ते हिताचे कीं अहिताचे, याचा विचार त्यांनीं केला पाहिजे. तो विचार आमच्या विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या आईबापांपुढें मांडावा, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

आमचें मत आरंभींच सांगून टाकतों. गोदावरीवर इंचमपल्ली येथें मोठें धरण बांधण्याचा जो बेत गेल्या चाळीसांहून अधिक वर्षांत पुनः पुनः पुढें येत आहे, तो सोडून द्यावा. आणि तोच पैसा, तोच उत्साह व तेंच शास्त्र नद्यांचे उगम, ओढे व जुने तलाव पूर्ववत् करण्याकडे लावावें.

कोणी विचारील कीं, इंचमपल्ली कोठें आणि चिचगड कोठें? या प्रश्नाचें उत्तर नकाशांत आहे. विद्यार्थ्यांनीं तो पुढें घ्यावा व बाघ नदीवर बोट ठेवून तें हळूहळू पुढें न्यावें. चिचगडाहून निघालेली ही नदी उत्तरेकडे वाहते, कांहीं अंतर महाराष्ट्र व मध्य प्रदेश यांची सीमा होते आणि वैनगंगेस मिळते. वैनगंगा तिकडे शिवनी जिल्ह्यांतील मुंडारा गांवाजवळ उगम पावून आलेली असते. हा एकत्र झालेला प्रवाह भंडारा व पवनी यांवरून दक्षिणेस वळतो आणि गडचिरोली व चंद्रपूर या जिल्ह्यांच्या मधून वाहत जातो. पुढें त्यास वर्धा नदी भेटते व दोघींचें मिळून प्राणहिता असें नांव होतें. प्राणहिता सिरोंचापाशीं गोदावरींत मिसळते. तेथून आणखी खालीं बस्तरांतून आलेली इंद्रावती गोदावरीस मिळते, आणि त्या संगमाच्या थोडें खालीं इंचमपल्ली आहे. म्हणजे श्रावणांत आपल्या कौलांवरून ओघळलेलें पाणी कांहीं दिवसांनीं इंचमपल्लीवरून वाहत जातें. तेथें भिंत उभी राहिली तर ती आपल्याच पाण्यापुढें उभी राहील. तेव्हां या विषयांत चिचगडच्या लोकांनीं मत देणें ही कांहीं परक्याच्या घरांतील उठाठेव नव्हे.

येथें एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. आम्ही धरणमात्राचे शत्रु नाहीं. आपल्याच बाघ नदीवर देवरी तालुक्यांत सिरपूरचें धरण आहे. तिच्याच खोऱ्यांत पुजारीटोला व कालीसरार येथेंही पाणी अडविलें आहे, आणि या पाण्याचा उपयोग महाराष्ट्र व मध्य प्रदेश हीं दोन्ही राज्यें करितात. पलीकडे अर्जुनी मोरगांव तालुक्यांत गोठणगांवाजवळ गाढवी नदीवर इटियाडोहाचें धरण आहे. सिरपूर, पुजारीटोला व इटियाडोह हीं धरणें १९७० च्या सुमारास पुरीं झालीं. भाद्रपदांत पावसानें ओढ दिली व धान गर्भांत असतां जमिनीस भेगा पडूं लागल्या, तर कालव्याचें एक पाणी म्हणजे शेतकऱ्यास काय वाटतें, हें आमच्या पालकांस सांगावयास नको. ज्यांच्या शेतांत उन्हाळी धान उभें राहिलें, त्यांच्या घरचीं मुलें शाळेंत आलीं. हा उपकार नाकारणें कृतघ्नपणाचें होईल.

परंतु एखादें औषध एका मात्रेनें गुणकारी झालें म्हणून त्याची शंभरपट मात्राही गुणकारीच होईल, असें कोणताही वैद्य सांगणार नाहीं. लहान खोऱ्यांतील पाणी त्याच खोऱ्याच्या शेतीसाठीं अडविणें ही एक गोष्ट, आणि शेकडों गांवांचें व अफाट अरण्याचें पोट बुडवून महानदाचा ओघ थोपविणें ही दुसरी गोष्ट. दोहोंस धरण हें एकच नांव असल्यामुळें विचारांत घोटाळा होतो. हा घोटाळा टाळावयाचा तर आपल्या पाण्याच्या मार्गावर गेल्या कांहीं वर्षांत जीं मोठीं बांधकामें झालीं, त्यांचा हिशेब प्रथम पाहिला पाहिजे.

पहिलें गोसीखुर्द. भंडारा जिल्ह्यांत पवनीजवळ वैनगंगेवर हें धरण बांधलें आहे. ता. २२ एप्रिल १९८८ रोजीं त्या वेळचे पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्तें त्याची पायाभरणी झाली. तेव्हां खर्चाचा अंदाज सुमारें ३७२ कोटी रुपयांचा होता व सुमारें अडीच लाख हेक्टर जमीन भिजेल असें सांगण्यांत आलें होतें. पुढें तोच अंदाज वाढत वाढत १८ हजार कोटींच्याही वर गेला, आणि तीन दशकें उलटलीं तरी कालव्यांचें काम पुरें झालें नाहीं. १९८८ सालीं जीं मुलें जन्मलीं, तीं आतां या अंकाच्या कित्येक वाचकांचे आईबाप झालीं आहेत. मधल्या काळांत अनेक गांवें उठलीं, जुनीं घरें पाण्याखालीं गेलीं, आणि पुनर्वसनाच्या वसाहतींत सोयी नाहींत, मोबदला अपुरा आहे, अशा तक्रारी घेऊन लोक वर्षानुवर्षें कचेऱ्यांचे उंबरठे झिजवीत राहिले. ज्याची जमीन गेली त्यास लगेच किंमत मोजावी लागली; ज्यास पाणी मिळावयाचें त्यास मात्र वाट पाहावी लागली.

गोसीखुर्दनें आणखी एक धडा शिकविला आहे. नागपूर शहराचें सांडपाणी नाग नदींतून कन्हानेंत व कन्हानेंतून वैनगंगेंत येतें. वाहती नदी खडकांवर आपटते, हवेशीं मिसळते व आपला मळ थोडा तरी धुऊन काढते. तीच कोंडली गेली म्हणजे मळ तळाशीं बसतो, पाण्यास हिरवट थर येतो, जलपर्णी माजते, आणि कांठच्या गांवांस उशाशीं अथांग जलाशय असूनही पिण्याच्या पाण्याची चिंता पडते. नदीचें आरोग्य तिच्या वाहण्यांत आहे, ही गोष्ट आपले पूर्वज जाणत होते. सांचलेल्या पाण्याचें डबकें होतें, हें लहान मुलासही ठाऊक असतें.

दुसरें मेडीगड्डा. सिरोंचाच्या समोर, गोदावरीवर, तेलंगण राज्यानें हा प्रचंड बंधारा बांधला. ता. २१ जून २०१९ रोजीं त्याचें मोठ्या थाटानें उद्घाटन झालें. पुढें पावसाळ्यांत फुगवट्याचें पाणी शेतांत शिरतें, उभें पीक कुजतें, कांठ खचतात, अशी तक्रार आपल्या बाजूच्या सिरोंचा तालुक्यांतील शेतकऱ्यांनीं केली. आणि ता. २१ ऑक्टोबर २०२३ रोजीं त्याच बंधाऱ्याचे खांब खचले. जें बांधकाम कालेश्वरच्या महायोजनेचें प्रवेशद्वार म्हणून गाजलें होतें, त्याचा उपयोग साडेचार वर्षेंही नीट झाला नाहीं. नदीच्या तळाशीं वाळू किती खोल आहे व ती कशी सरकते, हें नदीस विचारल्यावांचून भिंत उभारली म्हणजे काय होतें, याचें हें उदाहरण आपल्या डोळ्यांसमोर घडलें आहे.

आतां इंचमपल्लीकडे वळूं. १९८० सालीं गोदावरी जलविवाद लवादाचा अंतिम निवाडा झाला. त्यांत राज्याराज्यांमधील जे करार समाविष्ट करण्यांत आले, त्यांत गोदावरीवरील इंचमपल्ली व इंद्रावतीवरील भोपालपट्टणम् या दोन धरणांच्या योजना होत्या. वीज व सिंचन हे त्यांचे हेतु. पाण्याखालीं जाणारा प्रदेश मात्र गडचिरोली, बस्तर व तेलंगण यांच्या सीमेवरील आदिवासींचा. साग, बांबू, मोह व तेंदू यांचें अरण्य आणि माडिया, गोंड व कोया लोकांचीं गांवें त्यांत बुडावयाचीं होतीं. याच मुलखांत भामरागडजवळ इंद्रावती, पर्लकोटा व पामुलगौतम या तीन नद्यांच्या संगमापाशीं हेमलकसा आहे. तेथें १९७३ सालीं बाबा आमटे यांनीं लोकबिरादरीचें काम सुरूं केलें.

या बेतास जो विरोध झाला, त्यांत आपल्या शेजारचा एक पुरुष अग्रभागीं होता, ही गोष्ट आमच्या मुलांनीं लक्षांत ठेवावी. पानाबरसचे जमीनदार लाल श्याम शाह महाराज हे ते पुरुष होत. ते १९६२ सालीं चांदा मतदारसंघांतून लोकसभेवर निवडून गेले, आणि आदिवासींच्या प्रश्नांकडे कोणी लक्ष देत नाहीं असें पाहून दोन वर्षांनीं त्यांनीं आपली जागा सोडली. १९८४ च्या सुमारास त्यांनीं व बाबा आमटे यांनीं मिळून 'जंगल बचाव, मानव बचाव' ही हांक दिली. ज्यांना वर्तमानपत्र वाचतां येत नव्हतें असे हजारों लोक पायीं चालत सभांस आले. ज्या सुधारणेचें सुख आम्हांस कधीं लाभणार नाहीं, तिच्यासाठीं आमचें रान व आमच्या पितरांचीं स्थानें कां बुडवितां, एवढाच त्यांचा सवाल होता. त्याचें समाधानकारक उत्तर कोणाकडेही नव्हतें. १९८० सालच्या वनसंरक्षण कायद्यामुळें अरण्य बुडविण्यापूर्वीं केंद्र सरकारची संमति घेणें आवश्यक झालें होतें, राज्याराज्यांतही एकमत होत नव्हतें, आणि त्यांत लोकांच्या विरोधाची भर पडली. तीं धरणें बांधलीं गेलीं नाहींत.

पण कागदावरील योजना सहसा मरत नाहीं. गोदावरीचें पाणी कावेरीकडे नेण्याच्या जोडकालव्याचे जे आराखडे अलीकडे तयार झाले, त्यांत इंचमपल्लीचें नांव पुनः आलें आहे. बांधाची उंची कमी करूं, बुडीत क्षेत्र घटवूं, अशीं आश्वासनेंही सोबत आहेत. या आश्वासनांवर विश्वास ठेवण्यापूर्वीं गोसीखुर्दच्या विस्थापितांस व सिरोंच्याच्या शेतकऱ्यांस त्यांचा अनुभव विचारावा, असें आम्ही सुचवितों.

धरणास विरोध करणें हें कांहीं परकीयांकडून उसनें घेतलेलें वेड आहे, असा समज कित्येकांचा असतो. त्यांनीं आपल्याच प्रांताचा इतिहास पाहावा. पुणें जिल्ह्यांत मुळा व निळा या नद्यांच्या संगमावर टाटा कंपनीनें विजेसाठीं धरण बांधावयास घेतलें, तेव्हां मुळशी पेट्यांतील मावळ्यांनीं १९२१ सालीं सत्याग्रह आरंभिला. पांडुरंग महादेव बापट यांनीं त्याचें पुढारीपण केलें, व त्याच लढ्यानें त्यांस 'सेनापति' ही पदवी मिळवून दिली. तीन वर्षें झगडूनही ते शेतकरी हरले. धरण उभें राहिलें व मुंबईस वीज मिळाली. तेव्हांपासून आजतागायत एकच प्रश्न अनुत्तरित राहिला आहे: लाभ एकाचा व त्याग दुसऱ्याचा, आणि त्याग करणाऱ्याची संमतिही विचारावयाची नाहीं, हा कोणता न्याय? नर्मदेवरील सरदार सरोवरानें आपल्या अक्कलकुवा व अक्राणी तालुक्यांतील ३३ गांवांपुढें हाच प्रश्न उभा केला. त्या योजनेस कर्ज देणाऱ्या जागतिक बँकेनें स्वतंत्र चौकशी करविली, आणि १९९३ सालीं बँकेचें साहाय्य थांबलें. पुढें २००० सालीं जागतिक धरण आयोगानें सर्व देशांचा आढावा घेऊन असा अंदाज दिला कीं, मोठ्या धरणांनीं जगांत चार ते आठ कोटी माणसें घरांतून उठविलीं. या आंकड्याच्या दोन टोकांतील अंतर पाहा. चार कोटी माणसें मोजलीं गेलीं कीं नाहीं, हेंही निश्चित सांगतां येऊं नये, यांतच सर्व कांहीं आलें.

प्रतिपक्षाचे तीन मुख्य मुद्दे आहेत व त्यांचा विचार करणें न्यायाचें होईल. पहिला मुद्दा असा कीं, समुद्रास मिळणारें पाणी वायां जातें. हें म्हणणें आम्हांस मुळींच पटत नाहीं. वाहतांना नदी कांठच्या विहिरींस पाझर देते, गाळानें शेतें सुपीक करिते, माशांस अंडीं घालण्याच्या जागा देते, वाळूचे थर भरते, आणि मुखाशीं समुद्रास मागें रेटून सुपीक त्रिभुज प्रदेश राखते. धिवराच्या घरची चूल या 'वायां' जाणाऱ्या पाण्यावरच पेटते. दुसरा मुद्दा विजेचा. ज्या काळीं इंचमपल्लीचा बेत झाला त्या काळीं वीज मुख्यतः कोळसा व पाणी यांपासूनच होत असे. आज सूर्यप्रकाशापासून स्वस्तांत वीज होते, आणि विदर्भांत उन्हाची टंचाई आहे असें कोणी म्हणणार नाहीं.

तिसरा मुद्दा अधिक विचारणीय आहे. दूरच्या कोरड्या मुलखांत लोक तहानेले आहेत, त्यांस पाणी द्यावयाचें कीं नाहीं? द्यावयाचें, यांत शंका नाहीं. तहानेल्यास पाणी नाकारणें आपल्या रीतीस शोभणारें नाहीं. परंतु दुसऱ्याच्या घागरींतून पाणी मागण्यापूर्वीं आपल्या अंगणांत पडलेला पाऊस आपण मुरविला काय, हें प्रत्येक प्रदेशानें पाहिलें पाहिजे. २०२४ सालीं महाराष्ट्र सरकारनें गोसीखुर्दचें पाणी बुलढाणा जिल्ह्यांतील नळगंगेपर्यंत नेण्याच्या योजनेस मान्यता दिली. सुमारें ४२६ किलोमीटर लांबीचा मार्ग व सुमारें ८७ हजार कोटींचा खर्च, असा तिचा आवांका आहे. ज्या धरणाच्या ३७२ कोटींचे १८ हजार कोटी झाले, त्याच्याच पाण्यावर ही दुसरी इमारत चढवावयाची आहे. वऱ्हाडच्या शेतकऱ्याचें दुःख आम्ही जाणतों. म्हणूनच त्यास आणखी तीस वर्षें वाट पाहावयास लावणारी योजना आम्हांस त्याच्या हिताची वाटत नाहीं.

मग करावें काय? या प्रश्नाचें उत्तर शोधावयास फार लांब जावें लागत नाहीं. काखेंत कळसा व गांवाला वळसा, अशी आपली स्थिति झाली आहे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली हा सारा तलावांचा मुलूख. गोंड राजांच्या काळापासून कोहळी लोकांनीं येथें जे तलाव बांधले, त्यांची गणना हजारांनीं होते. नवेगांवबांधचा तलाव तर सर्वांच्या परिचयाचा आहे; तो कोलू पाटील कोहळी यांनीं बांधला अशी परंपरा आहे. या लोकांपाशीं शिक्क्याचीं प्रमाणपत्रें नव्हतीं. पण दोन टेकड्यांच्या मधली नेमकी जागा हेरून मातीची पाळ घालावी, पाणी सोडण्यासाठीं तुडूम ठेवावें, अधिक झालेलें पाणी सांडव्यावाटे खालच्या तलावांत जावें व तेथून आणखी खालच्या बोडींत, अशी त्यांची रचना होती. तलावांची माळच्या माळ ते ओवीत. वरच्या तलावाचा पाझर खालच्या विहिरींस मिळे. गाळ काढून शेतांत टाकीत. त्यामुळें तलाव खोल राही व शेत सुपीक होई. मासे धिवरांस, कमळकंद व भाजीपाला गरीबांस, पाणी गुरांस. ज्याचा त्याचा वांटा ठरलेला असे.

हे तलाव पुढें मालगुजारांच्या ताब्यांत आले. १९५० सालच्या कायद्यानें मध्य प्रदेशांतील मालगुजारी नष्ट झाली. भंडारा जिल्हा तेव्हां त्याच प्रांतांत होता. मालगुजारी गेली तें योग्यच झालें, कारण तींत जुलूम पुष्कळ होता. परंतु तलाव सरकारजमा झाले आणि त्यांची निगा राखण्याचें काम मात्र कोणाच्या खात्यावर पडलें नाहीं. 'माजी मालगुजारी तलाव' या लांबलचक नांवाचें लोकांनीं 'मामा तलाव' केलें. पण मामा भाच्यांकडे व भाचे मामाकडे पाहीनासे झाले. गाळ भरला, पाळी खचल्या, बेशरमाच्या झुडपांनीं पात्रें व्यापलीं, आणि पोटांत शेतें शिरलीं. इतकें होऊनही त्यांपैकीं पुष्कळ तलाव आज पाणी देत आहेत. पूर्वजांच्या कामाची याहून मोठी ग्वाही कोणती?

म्हणून आमचें म्हणणें असें कीं, नद्या पूर्ववत् करण्याचें काम उगमापासून व तलावांपासून सुरूं करावें. उगमाच्या डोंगरावरील रान राखावें, कारण पाऊस झेलून तो हळूहळू सोडण्याचें काम झाडाचीं मुळें करितात. ओढ्यांत जागोजाग दगडांचे लहान बांध घालावे. तलावांतील गाळ काढून शेतांत पसरावा. २०१७ सालच्या 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' या सरकारी योजनेनेंही हेंच तत्त्व मान्य केलें आहे. नदीच्या पात्रांतील वाळूचा बेसुमार उपसा बंद करावा, कारण वाळू ही नदीची पाणी धरून ठेवणारी गादी आहे. शहरांनीं आपलें सांडपाणी शुद्ध केल्यावांचून नदींत सोडूं नये. आणि जीं धरणें बांधून झालीं आहेत, त्यांतून उन्हाळ्यांतही नदीच्या वांट्याचें थोडें पाणी सतत सोडावें.

हीं केवळ स्वप्नें नव्हेत. राजस्थानांतील अलवर जिल्ह्यांत १९८५ नंतर तरुण भारत संघाच्या साहाय्यानें गांवकऱ्यांनीं शेकडों 'जोहड', म्हणजे मातीचे लहान तलाव, बांधले व दुरुस्त केले. त्यामुळें कोरडी पडलेली अरवरी नदी पुनः वाहूं लागली. आपल्या मुलखाच्या मानानें तेथें पाऊस फारच थोडा. जें त्यांना साधलें तें आपणांस कां साधूं नये? आपल्याच जिल्ह्यांत, अर्जुनी मोरगांवकडे, भंडारा निसर्ग व संस्कृति अभ्यास मंडळानें धिवर बंधुभगिनींच्या सोबतीनें तलावांतील बेशरम उपटून काढला, पात्र नांगरून देशी पाणवनस्पति लाविल्या, आणि नाहींशा होत चाललेल्या देशी माशांस व पांखरांस पुनः आसरा मिळवून दिला. आणि ज्या अमेरिकेकडून आपण मोठीं धरणें बांधावयास शिकलों, त्याच अमेरिकेनें एल्व्हा नदीवरील, १९१३ व १९२७ सालीं पुरीं झालेलीं दोन धरणें २०११ ते २०१४ या काळांत स्वतः पाडून टाकलीं. भिंत हटली तेव्हां सॅमन मासे समुद्रांतून वरच्या पात्रांत परत आले, व कांठीं राहणाऱ्या क्लालम लोकांस त्यांची नदी परत मिळाली.

शेवटीं ज्यांच्यासाठीं हा लेख लिहिला त्यांच्याशीं दोन शब्द. पालकांस आमची विनंति अशी कीं, ग्रामसभेस जावें व तेथें पाण्याचा विषय काढावा. आपल्या गांवच्या तलावाची पाळ कोणी दुरुस्त करावयाची, गाळ केव्हां काढावयाचा, रान कोणी राखावयाचें, हें ठरवून घ्यावें. २००६ सालच्या वनहक्क कायद्यानें गांवास आपल्या सामूहिक रानाचें रक्षण व व्यवस्था करण्याचा अधिकार दिला आहे. तो अधिकार कागदावर राहूं देऊं नये. ओढ्यांत विष घालून मासे धरण्याची वाईट चाल जेथें असेल तेथें ती बंद पाडावी.

विद्यार्थ्यांनीं एक सोपें काम अंगावर घ्यावें. आपल्या गांवच्या तलावाची खोली दर दिवाळीस व दर होळीस खुणेची काठी बुडवून मोजावी. कोणता ओढा कोणत्या तिथीस आटला, विहिरीचें पाणी किती हात खालीं गेलें, हें वहींत टिपून ठेवावें. ओढ्यांचीं व डोहांचीं जुनीं नांवें आजाआजीस विचारून लिहून घ्यावीं. अशी वही शाळेंत दहा वर्षें चालली, तर उद्यां जो कोणी अभियंता आपल्या नदीसंबंधीं नवा बेत घेऊन येईल, त्यापुढें ठेवावयास आपल्याजवळ पुरावा असेल. आज त्याच्याजवळ आंकडे असतात व आपल्याजवळ केवळ हळहळ असते. म्हणून आपलें कोणी ऐकत नाहीं. विद्येचा याहून चांगला उपयोग आम्हांस ठाऊक नाहीं.

आणि जे राज्यकारभार चालवितात त्यांस आमचें नम्र सांगणें इतकेंच कीं, कोणत्याही मोठ्या धरणाचा अहवाल आधीं मराठींत, गोंडींत व माडियांत लोकांपुढें ठेवावा. कोणाचें किती बुडणार व कोणास किती मिळणार हें एकाच पानावर समोरासमोर लिहावें. आणि ज्यांचें बुडणार त्यांनीं 'नको' म्हटलें, तर तें 'नको' मानावें. इंचमपल्लीच्या बाबतींत त्या अरण्यांतील लोकांनीं एकदां 'नको' म्हटलें आहे. त्यांच्या नदीस ज्यांच्या डोंगरांतून पाणी जातें, त्या चिचगडकरांनींही त्यांच्या सुरांत आपला सूर मिळवावा, आणि तोंवर आपल्या हातचें काम, म्हणजे बाघेच्या ओढ्यांचें व गांवच्या तलावाचें, येत्या उन्हाळ्यांतच आरंभावें.